शुभेच्छुक : आई

खोली दाखवताना सिस्टरांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, गाडी जिन्याखाली लावायची, आणि माझा मुलगा गे आहे. "यातलं काही चालणार नसंल तर आत्ताच सांगा," त्या म्हणाल्या, "मागून कुरकुर नको."

पाण्याचं जरा अवघड आहे, असं मी म्हणाले. त्या हसल्या आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. उमरग्यात हायवेला लागून एका डॉक्टरांचा दवाखाना होता, तिथं लॅब टेक्निशियन म्हणून नुकतीच लागले होते आणि आठ दिवस खोली शोधत हिंडत होते. प्रत्येक घरात आधी माझीच तपासणी व्हायची. लग्न का नाही झालं, होणार आहे का, भेटायला कोण कोण येणार. सिस्टरांनी यातलं एकही विचारलं नाही. स्वतःचं सांगितलं आणि विषय संपवला. मला हायसं वाटलं. वर सामान लावून झाल्यावर मात्र मनात आलं, जिच्या पोटात स्वतःच्या मुलाची गोष्ट राहत नाही, तिच्या डोक्यावर आपण राहायला आलो आहोत.

कारण माझ्याकडं लपवण्यासारखं होतं. सोलापूरला माझी एक मैत्रीण होती, शाळेत शिकवायची. दर दुसऱ्या शनिवारी ती यायची आणि रविवारी दुपारच्या गाडीनं परत जायची. जगाला सांगायला ती मैत्रीण होती. आम्हा दोघींपुरतं ते त्याहून जास्त होतं, आणि ते आम्हा दोघींपुरतंच ठेवायचं असं आमचं ठरलं होतं.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. माकणीच्या धरणाकडच्या गावांमधून त्यांनी छत्तीस वर्षं नोकरी केली. नवरा लवकर वारला, मुलगा एकटा वाढवला, त्याला इंजिनिअर केलं, उमरग्यात दोन मजली घर बांधलं. अख्खा गाव त्यांना सिस्टरच म्हणायचा. नाव कुणाला आठवत असेल असं वाटत नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडं बीपीचं एक जुनं मशीन राहिलं होतं, पाऱ्याचं. रोज सकाळी ओट्यावर बसून त्या येणाऱ्याजाणाऱ्याचं बीपी फुकट बघायच्या. ट्रकवाले, भाजीवाल्या, कोर्टाच्या तारखेला आलेली खेड्यातली माणसं, सगळे यायचे. हाताला पट्टा आवळला की सिस्टर विषय काढायच्या. पट्टा आवळलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं. "माझा मुलगा पुण्याला इंजिनेर हाय. त्याचा जीव पोरीवर न्हाय, पोरावर हाय. हा आजार न्हाय, खोड न्हाय, बाहेरचं न्हाय. असतंय तसं." मग पुन्हा पारा चढवून आकडा बघायच्या. एकशेतीसवाला माणूस ऐकून एकशेपन्नासला गेला तर शांतपणे म्हणायच्या, "बघा, ह्यात नुकसान तुमचंच हाय." सीमेपलीकडून बाजाराला येणाऱ्या बायकांसाठी त्यांनी ही वाक्यं कानडीतसुद्धा पाठ करून ठेवली होती.

शेजारच्या आजींना कमी ऐकू यायचं. त्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा 'गे'च्या पुढचं अक्षर स्वतःच जोडलं, डोळ्याला पदर लावला आणि विचारलं, "कधी गेला गं?" तो जिवंत आहे, नोकरीत आहे आणि गे आहे, हे सिस्टरांना क्रमानं समजवावं लागलं. सगळं समजल्यावर आजी म्हणाल्या, मग एवढं वरडून सांगायला काय झालं?

अर्ध्या उमरग्याचं मत एवढंच होतं. मुलगा तसा असण्याचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. घरोघरी असा एखादा काका असतो, एखादा चुलतभाऊ असतो. सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही, हीच त्या माणसाला दिलेली सवलत. सिस्टर ती सवलत मोडीत काढायला निघाल्या होत्या. राहिलेल्या अर्ध्यांमध्ये शिव्या देणारे होते, तसे वाघीण म्हणणारेही होते. बचत गटातल्या बायका त्यांच्या बाजूच्या. कॉलेजची पोरं त्यांच्यासोबत फोटो काढायची. वाघीण म्हणणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी तसा मुलगा नव्हता, निदान त्यांना माहीत असलेला नव्हता.

"झाकलेली जखम चिघळती, उघडी वाळती," हे सिस्टरांचं ठरलेलं वाक्य. माझ्या डॉक्टरांना ते कुणीतरी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, खरं आहे, पण उघडीवर माशा बसतात. दोन्ही बाजूंची माणसं मग ही दोन वाक्यं घेऊन वर्षभर भांडत राहिली.

गंमत अशी, की दुसऱ्याच्या बाबतीत सिस्टरांइतकं बंद तोंड मी दुसरं पाहिलं नाही. छत्तीस वर्षांत कुणाची मुलगी कशासाठी आली, कुणाच्या नवऱ्याला कसला आजार, कोणतं मूल कुणाचं, हे सगळं त्यांच्या पोटात होतं. एकदा माझ्यादेखत एक वजनदार माणूस गाडी घेऊन आला. वीस वर्षांपूर्वीच्या एका बाळंतपणाबद्दल त्याला विचारायचं होतं, सोयरीक जुळवायची होती म्हणून. सिस्टरांनी त्याला चहा दिला, बीपी बघितलं, मीठ कमी खा म्हणाल्या. त्यानं तीन वेळा विषय काढला. तिसऱ्या वेळेला त्या म्हणाल्या, "रजिस्टर सरकारचं, तोंड माझं. दोन्ही बंद हाय." तो गेल्यावर मी नुसतं त्यांच्याकडं बघितलं, तर मलाही म्हणाल्या, "तू बी विचारू नकोस."

ही बाई आपल्याच मुलाच्या बाबतीत भोंगा का होते, हे मला बरेच दिवस कळलं नाही. मग एकदा त्यांनीच सांगितलं. त्यांचे आजोबा छप्पन सालानंतर बौद्ध झाले. पुढं नोकरीच्या गावी लोक सांगायचे, आडनाव बदला, मोघम काहीतरी सांगा, घर लवकर मिळेल. आजोबांनी बदललं नाही, वडिलांनी नाही, सिस्टरांनीही नाही. माकणीकडं पहिल्यांदा गेल्या तेव्हा ज्या घरानं पाणी वरून वाढलं, त्याच घरातलं बाळंतपण त्यांनी चार महिन्यांनी केलं. "आपण लपवलं की समोरच्याला वाटतं, ह्यात लपवण्यासारखं काहीतरी असणार," त्या म्हणाल्या. मला ते पटलं. पटलं म्हणूनच त्या रविवारी मी मैत्रिणीला गाडीवर सोडायला गेले नाही. दोघींना बरोबर बघून सिस्टरांना नवीन कामगिरी सापडायला नको.

महिला दिनाच्या आदल्या शनिवारी सिस्टर पाट्या घेऊन जिना चढून आल्या. बचत गटाची फेरी निघणार होती, पाट्या धरायला माणसं कमी पडत होती. दारात मैत्रिणीच्या चपला होत्या. दार अर्धवट उघडं होतं, आणि आत आम्ही दोघी एकमेकींना खेटून बसलो होतो. सिस्टर थांबल्या. पाट्यांचा आवाज न करता वळल्या आणि एकेक पायरी जपून खाली उतरल्या. मी सोमवारपर्यंत जेवले नाही म्हटलं तरी चालेल. सोमवारी त्यांनी विचारलं, टाकी भरली का. बस, एवढंच. पुढंही कधी काही नाही. तरी मी सहा महिने दचकून होते.

मग मुलाचा तिसावा वाढदिवस आला. आमच्या चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स बारा महिने असतात. ज्याला घरात कुणी ओवाळत नाही त्याचाही लागतो, खाली शुभेच्छुकांचे चाळीस फोटो. सिस्टर म्हणाल्या, ज्याच्यावर तीन केसा हायत त्याचं तोंड एवढं मोठं लागतं, मग माझ्या पोराचं का न्हाय?

फ्लेक्स लागला. मुलाचा हसरा फोटो, पूर्ण नाव, त्याखाली मजकूर : 'आमचे चिरंजीव इंजिनिअर. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! ते गे आहेत, आम्हाला अभिमान आहे.' आणि शेवटी, शुभेच्छुक : आई. बाकी कुणाचा फोटो नाही, नाव नाही.

सोलापूरहून हैदराबादकडं जाणाऱ्या गाड्या चौकात हळू व्हायला लागल्या. लोक उतरून फोटो काढायचे. दुपारपर्यंत तो फोटो सगळ्यांच्या फोनवर होता. वकिलांपासून टपरीवाल्यापर्यंत प्रत्येकाचं मत तयार होतं. कुणी म्हणालं, अशी आई पाहिजे. कुणी म्हणालं, हे घरातलं होतं, घरात ठेवायचं. दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्ही तर त्यांच्याच घरात राहता, तुम्हाला काय वाटतं? मी म्हणाले, जरा जास्तच झालं. संध्याकाळी सिस्टरांनी विचारलं, दवाखान्यात काय म्हणत्यात? मी म्हणाले, सगळे कौतुक करत होते. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स कुणीतरी उतरवला आणि त्या जागी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा लागला.

मुलानं हे फक्त आईला सांगितलं होतं, आणि ज्याच्याबरोबर तो राहायचा त्या मित्राला अर्थातच माहीत होतं. ऑफिसात कुणालाही माहीत नव्हतं. आता सगळ्या मजल्याला कळलं. वाईट कुणी वागलं नाही. उलट लोकांनी केक आणला, टाळ्या वाजवल्या, आणि ज्याला शाळेपासून कोपऱ्यात बसायला आवडायचं त्याला मध्ये उभं करून दोन शब्द बोलायला लावलं.

खरं नुकसान वेगळंच झालं. तो फोटो मूळचा दोघांचा होता. सिस्टरांनी फ्लेक्सवाल्याला बजावून दुसऱ्याला कापायला लावलं होतं. "त्याचं सांगायचा मला अधिकार न्हाय," असं त्या मला आधीच म्हणाल्या होत्या. फ्लेक्सवाल्यानं माणूस कापला, पण मुलाच्या खांद्यावरचा हात राहून गेला. त्या हातात घड्याळ होतं. आणि त्या मित्राची मावशी उमरग्यातच दिलेली होती. घड्याळ तिनंच भाच्याला नोकरी लागली तेव्हा घेतलं होतं. तिनं ते चौकात, ताटाएवढं मोठं, पाहिलं आणि बहिणीला फोन केला. दोन दिवसांत घरच्यांनी त्या मित्राला गावी बोलावून घेतलं. जाताना त्यानं कपड्यांची बॅग उचलली आणि फोन बंद केला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी सिस्टरांचा मुलगा आला. मी सुट्टीवर होते. सिस्टरांनी मला खाली हाक मारली, चहा टाक म्हणाल्या. परक्या माणसासमोर तो ओरडणार नाही, असा त्यांचा हिशोब होता. तो तसाही ओरडणारा नव्हता. सडपातळ, हळू बोलणारा, चष्मा काढून पुसत बसणारा.

"आई, तू छत्तीस वर्षं नोकरी केलीस," तो म्हणाला. "कुणाचं काही बाहेर सांगितलंस?"

"न्हाय."

"मग मी तुझा पेशंट असायला पाहिजे होतो."

सिस्टरांनी चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला. मग त्यांनी आजोबांची गोष्ट काढली. आपण कधी काही लपवलं नाही, मान खाली घातली नाही, तेच मी तुझ्यासाठी केलं, असं त्या म्हणाल्या. तुझ्या घरी आले तर भिंतीला लागून दुसरी गादी घातलेली असते, नुसती दाखवायला. ते मला बघवत नाही.

"न बघवणं तुझं आहे," तो म्हणाला. "राहायचं आम्हाला होतं. आणि पणजोबांचं होतं ते तुमचं सगळ्यांचं होतं. सगळ्यांनी मिळून सांगितलं. हे माझं एकट्याचं होतं. तू माझ्या वतीनं सांगितलंस, ते पण दहा बाय पंधराच्या फ्लेक्सवर."

"तू मला सांगितलंस आणि गाडीत बसलास," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "स्टँडवर, गाडी निघता निघता. मला काय बोलायचं होतं ते तू ऐकून घेतलं न्हायस. ते तोंडात राहिलं. मग जो भेटल त्याला सांगत सुटले."

"मला फोन करायचा होतास ना," तो म्हणाला.

चहा तसाच राहिला. संध्याकाळच्या गाडीनं तो गेला. दुसऱ्या दिवशी ओट्यावर मशीन आलं नाही, आणि चार दिवस उमरग्याचं बीपी कुणी बघितलं नाही.

पाचव्या दिवशी सिस्टर तयार होऊन बसल्या. बेंबळीहून भावाचा मुलगा बोलावून घेतला होता. फोटो दाखवून दुकानातून तसंच घड्याळ आणलं होतं. ते त्याच्या मनगटाला बांधलं, त्याला काय बोलायचं ते पढवलं, आणि मला म्हणाल्या, चल, साक्षीला कुणीतरी पाहिजे. ज्या बाईनं जन्मात कुणाला खोटं सांगितलं नव्हतं, तिच्या खोट्याला साक्षीदार मी, जिचं अर्धं आयुष्य खोट्यावर चाललं होतं.

मित्राची मावशी पन्नाशीची, शांत बाई. तिनं आम्हाला पलंगावर बसवलं. सिस्टरांनी सरळ सुरुवात केली. फ्लेक्सवरचा हात आमच्या भाच्याचा होता, तुमच्या पोराचा काही संबंध नाही, उगा गैरसमज व्हायला नको म्हणून आलो. बेंबळीच्या पोरानं हात पुढं केला. मावशीनं तो हातात घेऊन घड्याळ नीट पाहिलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "आमच्या पोराच्या घड्याळाच्या काचेला चीर हाय. फोटोत बी दिसत होती."

आम्ही तिघं जमिनीकडं बघत होतो. मावशी आत गेली, चहा घेऊन आली, सगळ्यांच्या हातात कप दिले. मग सिस्टरांना म्हणाली, "असू द्या. मी बहिणीला कळवते, घड्याळ दुसऱ्याचं निघालं म्हणून. मला बी फोन करायच्या आधी इचार करायला पाहिजे होता."

 परत येताना रिक्षात, चौक ओलांडल्यावर सिस्टर म्हणाल्या, "लई सोपं असतंय गं खोटं बोलणं. मला वाटायचं, लपवणाऱ्या माणसाला लई कष्ट पडत असतील." घर आल्यावर पैसे देता देता म्हणाल्या, "कष्ट मागून पडत्यात वाटतं." घड्याळ भाच्याला आवडलं, ते तो बेंबळीला घेऊन गेला.

मावशीनं शब्द पाळला. मित्राच्या घरचे शांत झाले, किंवा शांत झाल्यासारखं करून त्यांनी त्याच्यासाठी मुली बघायला काढल्या. तो पुण्याच्या त्या घरी परत आला नाही. सिस्टरांच्या मुलानं पुढं हैदराबादला बदली मागून घेतली. पाच महिने त्यानं आईला फोन केला नाही. मग दर रविवारी करायला लागला. फोन उचलला की सिस्टरांचा पहिला प्रश्न असायचा, "ह्यातलं काय सांगू आणि काय न्हाय?" तो काय सांगायचा कळायचं नाही, पण त्या वहीत लिहून घ्यायच्या.

ओटा पुन्हा सुरू झाला. पट्टा आवळला की आता त्या म्हणायच्या, "एका बाईचा मुलगा हाय." ती बाई कोण हे ओट्यावरच्या सगळ्यांना माहीत असायचं. तरी सगळे विचारात पडल्यासारखं करून माना डोलवायचे. उमरग्यातल्या दोन्ही बाजूंना हा तोडगा पसंत पडला. डॉक्टर मला म्हणाले, बघा, बाई शेवटी सुधारल्या. कॉलेजची पोरं म्हणाली, सिस्टर घाबरल्या. त्यांच्यासोबत फोटो काढायला मग कुणी आलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात मला सोलापूरला नोकरी मिळाली. मैत्रिणीनं आणि मी तिथं मिळून घर घेतलं. खोली सोडायच्या आदल्या दिवशी मी खाली गेले. सिस्टर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी म्हणाले, मला तुम्हाला एक सांगायचं आहे.

"सांगायचंच हाय का?" त्यांनी विचारलं. "न सांगता बी खोली सोडता येती."

मी सांगितलं. चार वाक्यं होती, पण ती माझ्या तोंडून त्याआधी दुसऱ्या कुणासमोर आली नव्हती. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"हे मी कुणाकुणाला सांगू शकते?"

"कुणालाच नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मैत्रिणीला शेंगाची चटणी चालते का ते विचारलं.

सकाळी टेम्पो आला. मैत्रीण पहाटेच्या गाडीनं आली होती. आम्ही दोघींनी मिळून कपाट उतरवलं, गाद्या बांधल्या. ओट्यावर नेहमीची सात-आठ माणसं बसली होती, आणि शेजारच्या आजीही. आजींनी मैत्रिणीकडं बोट केलं आणि कमी ऐकू येणारी माणसं विचारतात तसं, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं विचारलं, ही हिची कोण गं?

ओट्यावरच्या सगळ्या माना वळल्या. सिस्टर एका ट्रकवाल्याच्या दंडाला पट्टा बांधत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"मला म्हाईत न्हाय," त्या म्हणाल्या.

उमरग्यात इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी एवढं केलं नव्हतं. टेम्पो हायवेला लागला, मैत्रिणीनं माझा हात हातात घेतला, आणि मला मेलीला मात्र वाटत होतं, 'म्हाईत हाय' एवढं तरी त्यांनी म्हणायचं होतं.